चोच विसरलेला कोंबडा

वजन हा शब्द आमच्या हिवरटोल्यात तराजूच्या आधी पोचला.

त्याआधी कोंबडा घेणारा माणूस त्याला पाय धरून उलटा उचलायचा, हातावर दोनदा तोलायचा, मांडी चाचपायचा आणि म्हणायचा, नुसती पिसं आहेत. विकणारी म्हणायची, डोळे फुटले का तुमचे. एवढ्यात सौदा होऊन जाई. वजन म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते माणसांना असतं असा आमचा समज होता. तहसिलीत ज्याला बसायला स्टूल मिळतं त्याचं वजन, ज्याला ओसरीवरूनच परत पाठवतात त्याचं नाही. म्हणून ग्रामसेवक बापूजींनी चिंचेखाली सभा घेऊन जेव्हा सांगितलं, की गावातल्या कोंबड्यांचं वजन वाढावं अशी सरकारची इच्छा आहे, तेव्हा सभा एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. लालसू पाटील माझ्या घरच्यांच्या, म्हणजे मालकांच्या, कानाशी लागले.

"कोंबड्याचं वजन वाढलं तं तो आपलं काम घेऊन कोन्या सायबापाशी जाईन?"

घरचे म्हणाले, गेला तर बरंच आहे. आपण गेलो तर कोणी विचारत नाही.

हिवरटोला म्हणजे गोंडपिपरीच्या पलीकडे, जिथे धानाच्या बांध्या संपतात आणि सागवान सुरू होतं, तिथलं गाव. अर्धी घरं आमची, कुणब्या-तेल्यांची, अर्धी गोंडांची. त्या वर्षी चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, हे आम्हाला बापूजींनीच सांगितलं. आम्हाला हललेलं काही कळलं नाही.

बापूजी आमच्याच पडवीत राहायचे. ब्रह्मपुरीकडचा मुलगा, तिशीच्या आतला, आणि अंगाने इतका वाळका की त्याला वजन वाढवण्यावर बोलताना ऐकलं की मी आपसूक ताटात आणखी एक भाकर टाकायची. स्वभावाने गरीब. सरकारने पाठवलेली प्रत्येक गोष्ट तो मनापासून खरी मानायचा. त्याने खतासाठी खड्डे खणायला लावले, त्यात लोकांनी शेळ्या बांधल्या. त्याने पायखान्याची भिंत उभी करून दाखवली, तिच्या आडोशाला आमच्या शेजारच्या शकुबाईने चूल मांडली, कारण तिथे वारा लागत नाही. बापूजी रुसायचा नाही. दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी घेऊन निघायचा.

कोंबड्यांचा नंबर लागला तेव्हा आधी ब्लॉकमधून एक विलायती कोंबडा आला. पांढराशुभ्र. गावाच्या कोंबड्यांची जात सुधारायला तो आला होता. पांढरा कोंबडा जंगलाच्या कडेला ठेवणं म्हणजे अंधारात कंदील टांगणं. कोल्ह्याला, रानमांजराला, घारीला, सगळ्यांना तो लांबून दिसला आणि जात सुधारायच्या आतच त्याला कोणीतरी नेला. मग वरून दुसरा हुकूम आला: जात राहू द्या, आहेत तेच कोंबडे पोसा. गोंडपिपरीला प्रदर्शन भरेल. ज्या गावचा कोंबडा सगळ्यात भारी, त्या गावच्या ग्रामसेवकाचं नाव साहेब सभेत घेतील.

बापूजी पोसायची रीत शिकूनच आला होता. कोंबडा उकिरड्यावर हिंडला तर खाल्लेलं सगळं पायात जिरतं, म्हणून त्याला हिंडू द्यायचं नाही. डालग्याखाली, म्हणजे आपल्या बांबूच्या टोपल्याखाली, अंधारात झाकून ठेवायचा. त्याच्यापुढे दाणे फेकायचे नाहीत. तांदळाची कणी, कोंडा आणि ज्वारीचं पीठ ताकात मळून बोराएवढे गोळे करायचे, त्यात जमलं तर वारुळातली वाळवी घालायची, आणि एकेक गोळा हाताने चोचीत सारून गळ्यावरून बोट फिरवायचं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शकुबाई म्हणाली, मले बाळंतपनात कोनं असं चारलं नाई.

पण एक जण हसली नाही. नीलाबाई.

नीलाबाई म्हणजे गोंडटोलीच्या टोकाला राहणारी विधवा बाई. तिला एकच लेक, सोमारी. सोमारीचं आणि चैतूचं ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे त्या दोघांनीच ठरवलेलं. मोठ्यांनी नंतर मान डोलावली. चैतूपाशी मुलीसाठी द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यांच्या रीतीप्रमाणे तो होणाऱ्या सासूच्या घरी राबायला येऊन राहिला होता. नांगर धरायचा, लाकडं फोडायचा, पाणी आलं की छपरावर चढायचा. त्याची मुदत आता भरली होती. गेल्या साली सोमारीच्या नावाने एका लाल कोंबड्याच्या डोक्याला हळद लावून तो देवाला दाखवून ठेवला होता. लग्नाआधी हाच कोंबडा देवापुढे न्यायचा, त्याच्यापुढे हळदीचे तांदूळ टाकायचे. त्याने टिपले की देव राजी, मग कोंबडा देवाचा आणि लग्न लागलं समजायचं. नाही टिपले तर देव नाराज.

आणि बापूजींनी सगळं गाव हिंडून, उचलून, चाचपून, हाडापेराने थोर म्हणून नेमका हाच कोंबडा निवडला.

नीलाबाईने सांगितलं की हा देवाचा आहे. बापूजींनी हिशेब समजावला. प्रदर्शन संक्रांतीनंतर लगेच, लग्न त्यानंतर, मोह गळायला लागायच्या आधी. आधी साहेब बघतील, मग देव घेईल. आणि देवालाही हाडकुळ्यापेक्षा भरलेला कोंबडा आवडणारच की. ह्यात कोणालाच खोट दिसली नाही. नीलाबाई रानात डिंक, आवळे गोळा करायला जायची, तेव्हा भरवायचं काम सोमारीकडे आलं. आपल्याच लग्नाचा कोंबडा, तिने मन लावून भरवला. बापूजी त्याला कागदोपत्री नमुना म्हणायचा. गावाने त्याचं नमुन्या केलं.

नमुन्या वाढला. छाती पुढे आली, मान गेली, पायांना पिसांचे लेंगे चढले. सोमारीची पावलं वाजली की डालग्याखालूनच आ वासायचा. बापूजी रोज संध्याकाळी येऊन तराजूत बसवायचा आणि घरी येऊन मला सांगायचा, वहिनी, आज अजूक वाढला. सांगताना त्याचा स्वतःचा चेहरा असा भरलेला दिसे की मला बरं वाटायचं.

मग प्रदर्शन पुढे गेलं. साहेबांचा दौरा होता. मग अजून पुढे गेलं. साहेबांच्या वरचे साहेब येणार होते आणि त्यांना सवड नव्हती. मोहाच्या झाडांची पानं गळून फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके आले, आणि प्रदर्शन नेमकं लग्नाच्या पलीकडे जाऊन बसलं. बापूजींनी नीलाबाईला विनवलं, लग्न जरा मागे घ्या. ती म्हणाली, मोह कोनाले इचारून गळत नाई, बापूजी, एकदा फुलं पडाले लागली का गावात लगन लावाले मानूसच उरत नाई. खरंच होतं ते. मोह पडू लागला की पहाटेपासून सगळं गोंडवाडं टोपल्या घेऊन रानात. तेव्हा बापूजींनी स्वतःच्या पदरचा दुसरा कोंबडा देऊ केला. लालसू पाटील गावचेही पाटील आणि देवाचं करणारेही तेच. त्यांनी शांतपणे विचारलं, नवरदेव ऐन वेळी बदलला तर नवरीला चालेल का.

ठरल्या दिवशी चैतूचा काका पोचू एटापल्लीकडून चालत आला, सोबत दोन-चार नातलग. पोचू म्हणजे कायम उन्हात बघत असल्यासारखे डोळे बारीक केलेला माणूस. त्याला हे लग्न फारसं मनात नव्हतं. घरी बैल होते, नांगराला माणूस नव्हता, आणि त्यांच्या गावातच एक मुलगी होती जिच्यासाठी चैतूला कुठे राबायला जावं लागलं नसतं.

गोंडटोलीच्या मागे ऐनाच्या झाडाखाली त्यांचा देव. मी, शकुबाई, आम्ही बायका कुंपणाशी उभ्या. बापूजीही आला होता, खिशाला त्याचं निळं फौंटन पेन लावून, उत्तरकार्याला आल्यासारखा चेहरा करून. चैतूने नमुन्याला दोन्ही हातांनी आणून खाली ठेवला. लालसूंनी पुटपुटत तांदूळ टाकले.

एरवी कोंबडा पुजाऱ्याचा हात खाली यायच्या आधीच दाणे मटकावतो. नमुन्या बसून राहिला. त्याने तांदळाकडे पाहिलं, जसं आपण परक्याच्या चपलेकडे पाहतो. मग मान वर केली आणि आ वासला.

सगळे थांबले. चैतूने तांदूळ जवळ सरकवले. नमुन्याने आणखी मोठा आ वासला आणि तसाच राहिला.

मला आधी कळलंच नाही. मग सोमारीकडे पाहिलं. तिचा हात पदरात गेला होता आणि बोटं आपोआप गोळा वळत होती. त्या जनावराला जमिनीवरचं टिपून खायचं असतं हेच आता ठाऊक नव्हतं. चोच आहे ती वर करायला, खाणं वरून येतं, एवढंच तो शिकला होता.

पोचू म्हणाला, "पेन राजी नाई."

बापूजींनी दचकून खिसा चाचपला. पेन जागेवर होतं. ते काढून पाहिलं, टोपण फिरवून पाहिलं, आणि हळूच शेजारच्याला म्हणाला की पेन तर ठीक आहे, शाईही आहे. शेजारी मुखरू तेली उभा होता. त्याने हसू दाबून सांगितलं की गोंडीत देवाला पेन म्हणतात. बापूजी लाजला. पण मी पाहिलं, देव राजी नाही हे कळताच त्याच्या तोंडावर क्षणभर उजेड आला. कोंबडा वाचला होता. मग त्याची नजर सोमारीवर गेली आणि तो आपल्या पायांकडे बघू लागला.

पोचूचं सरळ म्हणणं होतं. देवाने नाही म्हटलं, तो चैतूला घेऊन जातो. पुढच्या सालापर्यंत कोणी थांबायचं नाही. चैतू म्हणाला, मी येत नाही. काका म्हणाला, मग आमच्या घरात तुझं पान नाही. सोमारीने कुंपणाचा बांबू असा धरला होता की मला वाटलं आता कुंपण येतं हातात.

लालसूंनी कोंबड्यासमोर उकिडवं बसून त्याच्या चोचीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले की देव नाही म्हणतो तेव्हा कोंबडा तोंड फिरवतो, असंच वाडवडलांपासून आहे. ह्याने तोंड फिरवलेलं नाही. ह्याने तोंड उघडलं आहे. हे हो नाही, पण नाहीसुद्धा नाही. कोणीतरी सुचवलं, मग द्या ना चार दाणे चोचीत टाकून, आणि मोकळे व्हा. त्यावर लालसू उठले.

"पेन का तहसिलीतला बाबू हाये, का हातानं चारल्याशिवाय खाईन नाई?"

सगळी मंडळी हसली आणि अर्ध्या लोकांनी बापूजीकडे पाहिलं. बिचाऱ्याला आयुष्यात कोणी काही चारलं नव्हतं. माझ्या घरी खायचा त्याचंही धान्य आणून टाकायचा. पण सरकारचा म्हणून तोच एक हाताशी होता.

शेवटी तोडगा सोमारीनेच काढला, म्हणजे आईच्या तोंडून काढला. भूक लागली की टिपेल. कोंबडा इथेच बांधा, तांदूळ पुढे राहू द्या, पाणी ठेवा, कोणी हात लावायचा नाही. मोहाचं पहिलं फूल जमिनीवर पडेपर्यंत टिपलं तर लग्न, नाही तर पोचूने चैतूला घेऊन जावं. पोचूने आकाशाकडे, मग मोहाच्या कळ्यांकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, फार दिवस नाहीत. शिवाय नीलाबाईकडे पाहुणे म्हणून जेवण होतंच. त्याने ऐनाखाली खाट टाकायला सांगितली.

तर असं आमचं गाव एका कोंबड्याच्या भुकेची वाट बघत बसलं.

भूक काही येईना. नमुन्याने अंगावर इतकं साठवलं होतं की तो नुसता बसून राहिला. इकडे पाहुणे दोन्ही वेळा भात, वर माशाची आमटी खाऊन फुगत चालले. नीलाबाईचं धान कोठीच्या तळाला गेलं. शकुबाई म्हणाली, सरकारनं पाहुन्यायले तराजूत बसवावं, पहिला नंबर येते. माझ्याकडे मात्र बापूजीचं जेवण सुटलं. भाकरीचे तुकडे करायचा आणि ताटाच्या कडेने मांडून ठेवायचा. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. डब्यातलं ज्वारीचं पीठ कमी होत होतं. आपल्या डब्यातलं पीठ किती खाली गेलं हे बाईला झाकण न उघडता कळतं. घरचे तर चोरून भाकरी करणाऱ्यांतले नव्हेत.

एका दुपारी बापूजी रुमालात काहीतरी बांधून निघाला आणि मी पाठोपाठ निघाले. ऐनाजवळच्या मोठ्या वारुळाच्या आडोशाला गेले तर तिथे आधीच सोमारी बसलेली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिने बोट ओठांवर ठेवलं. तिला कोंबड्याच्या चोचीला वाळलेलं पीठ दिसलं होतं.

खाटेवर पोचू घोरत होता. बापूजी नमुन्यापुढे उकिडवा बसून गोळे भरवत होता आणि गळ्यावरून बोट फिरवताना त्याला समजावत होता, की खा राजा, थोडं थोडं खा, प्रदर्शनापर्यंत उतरू नको. त्याच्या आवाजात असं काही होतं की मला राग येता येईना. माझ्या धाकट्याला ताप आला होता तेव्हा मी असंच बोलत होते.

सोमारी उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बापूजीच्या हातात शेवटचा गोळा होता. तो कुठे लपवावा हे न सुचून त्याने स्वतःच्या तोंडात टाकला.

ती ओरडली नाही. गोळा गिळून होईपर्यंत थांबली.

बापूजीच बोलू लागला. खड्ड्यांचं काय झालं, पायखान्याचं काय झालं, तुला माहीत आहे. एवढ्या दिवसांत माझ्या हातून ह्या गावात एकच गोष्ट वाढली, ती हा कोंबडा. तो दाखवायला नसेल तर मी काय दाखवू. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ओठाला पीठ.

"तुमाले दुसरा कोंबडा भेटंन, बापूजी," सोमारी म्हणाली. "मले दुसरा चैतू भेटनार नाई."

बापूजीने पिठाची बोटं रुमालाला पुसली.

"तुमी सांगतलं तसं भरवलं म्या. माया हातानंच तो चोच इसरला. आता मी त्याले हात लावू शकत नाई. तुमी लावू शकता."

"टिपला का कापतीन त्याले."

"कापतीन," ती म्हणाली. "मले मालूम हाये."

तिचा हात कोंबड्याच्या तुऱ्याकडे गेला आणि तसाच मागे आला, तेव्हा बापूजीने प्रथमच वर पाहिलं. त्याला वाटत होतं कोंबड्यावर जीव आपलाच काय तो जडला आहे.

मी वारुळाआडून बाहेर आले आणि उगाच पदर झटकला. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, ज्या पिल्लांची आई मेली त्यांच्यापुढे आम्ही सुपावर बोट आपटतो, टकटक, आईची चोच समजून ती टिपायला लागतात. एवढ्या मोठ्या कोंबड्याला लागू पडेल का, कोण जाणे. आणि बापूजी, पीठ मागून नेलं असतं तरी दिलं असतं.

त्या दिवसापासून गोळे बंद झाले आणि बापूजी उघडउघड ऐनाखाली जाऊन बसू लागला. उकिडवा, मान खाली, बोटाने जमिनीवर टकटक. नमुन्या त्याच्या बोटाकडे नव्हे, तोंडाकडे बघायचा आणि आ वासायचा. बापूजी मान फिरवायचा. आता मात्र कोंबडा खरोखर उतरू लागला. लेंगे ढिले झाले, तुरा कलला. बापूजी संध्याकाळी येऊन काही सांगेना. पोचूने हरकत घेतली, की सरकारचा माणूस आमच्या देवाच्या कामात काऊन हात घालून राह्यला. लालसूंनी निवाडा दिला: दाखवणं म्हणजे चारणं नव्हे. कोंबडी पिल्लाला दाखवते, घास भरवत नाही. बापूजीला त्यांनी कोंबडी ठरवलं हे पोचूच्या लक्षात येईपर्यंत गाव हसून मोकळं झालं होतं.

मग एका सकाळी हवेला वास आला. गोड, जड, डोक्यात शिरणारा. फुलं अजून पडली नव्हती, पण कळ्या उकलल्या होत्या. संध्याकाळ नाही तर पहाट. पोचूने खाटेखालचं आपलं गाठोडं काढून बांधायला घेतलं आणि चैतूला म्हणाला, तुझंही बांध. चैतू कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला गेला. नीलाबाईच्या घरात जळणाचा डोंगर झाला होता तरी फोडतच राहिला.

आम्ही बायका कुंपणाशी जमलो. सोमारी सगळ्यांत मागे. बापूजी सकाळपासून बसलेला, बोटाचं टोक सोलून निघालेलं. त्याने बोट तोंडात घालून चोखलं, इकडेतिकडे काडी शोधली, ती मिळाली नाही म्हणून खिशातलं पेन काढलं, आणि टोपणाच्या बाजूने तांदळाशेजारी ठोकू लागला. टक. टक. टक.

टोपणाच्या पितळी पट्टीवर ऊन पडलं. नमुन्याने मान तिरकी केली. एक डोळा त्या चमकेवर लावला. कोंबड्याच्या अंगात काहीतरी जुनं उठताना दिसत होतं; मान मागे गेली, थांबली. मग चोच खाली आली आणि पेनावर बसली. ठक.

बापूजीने हात मागे घेतला नाही. ठक. पुन्हा ठक. चौथ्या खेपेला नेम चुकला आणि चोचीत पट्टीऐवजी हळदीचा एक दाणा आला.

नमुन्या जागच्या जागी थिजला. दाणा चोचीतच होता. त्याने तो गिळला, आणि आपल्याच गळ्याचं नवल वाटल्यासारखा उभा राहिला. मग मात्र तो असा तुटून पडला की तांदूळ, माती, मुंग्या, बापूजीच्या पायाचा अंगठा, काही सुटलं नाही.

पोचू म्हणाला, तो पेन टिपायला गेला होता, तांदूळ चुकून आला.

लालसूंच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. "मंग तेच तं. पेनकडंच गेला ना."

गाठोडं सोडायला पोचूने वेळ लावला नाही. कोणीतरी चैतूला हाक मारायला धावलं. सोमारी मागच्या मागे खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बापूजीने पेन शर्टाला पुसलं, उठला, आणि जे पुढे व्हायचं होतं ते होत असताना ऐनाकडे पाठ करून, दूर बांध्यांकडे बघत उभा राहिला.

प्रदर्शन नंतर भरलं. साहेबांच्या वरच्या साहेबांनी भोपळे पाहिले, चहा घेतला, आणि कोंबड्यांच्या रांगेपर्यंत पोचायच्या आतच त्यांची मोटर निघाली. आमच्याच नव्हे, कोणाच्याच ग्रामसेवकाचं नाव घेतलं गेलं नाही. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी लग्नाची पंगत बसली. आम्हीही गेलो होतो. नमुन्याचा रस्सा साऱ्या गोंडटोलीला पुरला, इतका उतरूनसुद्धा. बापूजी पंगतीच्या टोकाला पानावर नुसता भात आणि वरण घेऊन बसला होता. सोमारी हळदीच्या लुगड्यात स्वतः पळसपानाचा एक दोना भरून घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, बाई, मी त्याला हाताने चारलं, माझ्याने खाल्लं जाणार नाही. ती उभीच राहिली. मग नवरी असून तिथेच मातीत, त्याच्या शेजारी बसली. तिच्या हातातही एक दोना होता, काठोकाठ भरलेला, तसाच.

रस्सा थंड होत होता, वर तुपासारखी साय धरत होती.

चैतू तिला शोधत आला. त्याने आधी तिच्या दोन्याकडे पाहिलं, मग बापूजीच्या, आणि दोन्ही उचलले.

"तुमी रडा दोघं. मी तीन साल नांगर धरला याच्यासाठी."

तो समोरच मांडी घालून बसला आणि खाऊ लागला. सोमारी डोळे पुसत हसली. चैतूने हाड चोखलं, बोटं चाटली आणि म्हणाला की चरबी तर बम आहे, बोटं बुडतात.

बापूजीने बराच वेळ तग धरला. मग तो जरासा पुढे सरकला.

"मांडीले हाये का पोटाले?"